तशीच दुसरी

फ्रान्सला जाऊन आलेल्या माणसानं आयफेल टॉवरबद्दल बोलावं, अशी पुण्यात अपेक्षा असते. मी शॅम्पेनबद्दल बोलतो. त्यामुळे लोक हल्ली आमच्याकडे चहालाही जपून येतात.

फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्या एपर्ने गावी एका छोट्या रेस्टॉरंटात वेटरनं सुचवलेली बाटली घेतली आणि जीभ तिथंच राहिली. आधी लिंबाच्या सालीची चरचर, गोडवा नावापुरता आणि शेवटी ओल्या खडूची चव. (ओला खडू चाखलाय कुणी, असं विचारू नका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलोय.) बिलावर मात्र नुसतंच ‘शॅम्पेन, १ बाटली’.

तशीच दुसरी शोधायची, तर पुरावा म्हणून फक्त मोबाइलमधला फोटो. त्यात बायको, तिच्या पुढ्यातला मासा, मेणबत्ती आणि कोपऱ्यात बर्फाच्या बादलीतून अर्धवट वर आलेली बाटली. दोन बोटांनी ताणताणून पाहिल्यावर भिजून सुरकुतलेल्या लेबलवर एवढंच लागलं: ‘आव्हीझ’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘आरएम’.

तेवढ्यावरून स्थळाची पत्रिका मांडायला बसलो. आव्हीझ हे कोत दे ब्लां पट्ट्यातलं गाव. तिथं खाली खडूची जमीन आणि वर जवळपास सगळी शार्दोने जातीची पांढरी द्राक्षं. ‘आरएम’ म्हणजे ज्याची द्राक्षं, त्यानंच केलेली शॅम्पेन. मोठी घराणी बरीच द्राक्षं बाहेरून विकत घेतात, त्यांच्या बाटलीवर ‘एनएम’ असतं. गोडवा नाही म्हणजे बहुधा एक्स्ट्रा ब्रूट, लिटरला फार तर ६ ग्रॅम साखर. साध्या ब्रूटला जवळपास १२ पर्यंत मुभा. कुळ, गाव, स्वभाव सगळं जुळलं, फक्त मुलीचं नाव कळेना.

एवढा अभ्यास करून वाइन शॉपच्या जाळीसमोर उभा राहिलो. पुढचा गृहस्थ क्वार्टर खिशात घालून बाजूला झाला.

“एक्स्ट्रा ब्रूट आहे? फक्त शार्दोनेची. शक्यतो शेतकऱ्यानं स्वतः केलेली.”

“बड्डे आहे का?”

“नाही.”

“मग कशाला घालवता पैसे?”

तरी त्यानं वरच्या फळीवरचा एक खोका फडक्यानं पुसून दाखवला. बड्या घराण्याची बाटली, ‘एनएम’. आयात शुल्क आणि राज्याचे कर चढून किंमत अशी झाली होती, की तो माझ्या हिताचंच बोलत होता हे पटलं.

मग त्यानं नाशिकची स्पार्कलिंग काढली. तिला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. शॅम्पेनसारखीच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली, बुडबुडे बारीक. पण द्राक्ष मुख्यतः शेनिन ब्लां आणि मुळांखाली खडू नाही. कांदाभज्यांबरोबर झकास लागली. पण ती ही नव्हे.

“अहो, त्या दिवशी आपण दुपारी जेवलो नव्हतो,” बायको म्हणाली. “म्हणून लागली चांगली.”

हा मुद्दा मी चर्चेला घेतला नाही.

शेवटी लंडनहून येणाऱ्या भाच्याला गाठलं. दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या बाटल्या दोनच. तेव्हा चूक नको म्हणून त्याला गाव, द्राक्ष, साखर, लेबलवरची अक्षरं, सगळं सविस्तर लिहून पाठवलं. विमानतळावरून उत्तर आलं: “मामा, इथे पिवळी आहे आणि गुलाबी आहे. लवकर सांग, बोर्डिंग सुरू झालंय.”

मी चष्मा शोधेपर्यंत बायकोनं फोन घेतला आणि टाइप केलं, “गुलाबी.”