‘नुसतं डिक्लरेशन मागा, जमीन तुमची’ हे खरं नाही

जमिनीच्या भांडणांबद्दल एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. त्यात म्हटलंय: ‘सातबारा म्हणजे मालकी नव्हे. कोर्टात फक्त मालकी जाहीर करून मागा. कोर्टाला ती द्यावीच लागते, मुदतीची अट नाही आणि हुकूमनामा सगळ्यांवर बंधनकारक असतो.’

पहिलं वाक्य बरोबर आहे. सातबारा महसुलासाठी असतो, नुसत्या फेरफाराने कोणी मालक होत नाही. म्हणूनच पुढच्या चुकाही लोकांच्या गळी उतरतात.

‘द्यावीच लागते’? स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ३४ प्रमाणे मालमत्तेतला तुमचा हक्क किंवा तुमचा कायदेशीर दर्जा समोरचा नाकारत असेल, किंवा नाकारण्यात त्याचा स्वार्थ असेल, तर दावा लावता येतो. पण घोषणा (डिक्लरेशन, म्हणजे ‘हक्क तुमचाच’ असं कोर्टाने जाहीर करणं) करायची की नाही, हे कोर्टाच्या विवेकावर असतं.

सगळ्यात घातक शब्द ‘फक्त’. एका दाव्याचं शेवटचं पान मी वाचलं. विनंतीत एकच ओळ होती: ‘वादी हे दावा मिळकतीचे मालक आहेत असे ठरवून मिळावे.’ वर तिसऱ्या परिच्छेदात मात्र वादीनेच लिहिलेलं, की चार वर्षं जमीन प्रतिवादी कसतोय! मग ताबा का नाही मागितला? घोषणेपुढची दाद (इथे ताबा) मागणं शक्य असून ती मागितली नाही, तर घोषणा करू नये, असं त्याच कलमाचं परंतुक (कलमाला जोडलेली अट) सांगतं. राम सरन विरुद्ध गंगादेवी (१९७२) मध्ये सुप्रीम कोर्टाने याच कारणावरून दावा चालणार नाही म्हटलं. ताबा तुमचाच असेल आणि मालकीवर वाद उठला असेल, तर घोषणेबरोबर मनाई हुकूम मागा. अनाथुला सुधाकर (२००८) या निकालात हा फरक नीट उलगडलाय.

मुदतही आहे. नुसत्या घोषणेला दाव्याचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून तीन वर्षं. मालकीच्या आधारे ताबा मागितला तर बारा, तीही समोरच्याचा ताबा तुमच्या हक्काविरुद्ध झाल्यापासून.

आणि ‘सगळ्यांवर’ नाही. कलम ३५ प्रमाणे घोषणा दाव्यातल्या पक्षकारांना आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांनाच बांधते. वाटा सांगणाऱ्या चुलतभावाला दाव्यात घेतलं नाही, तर तो उद्या नव्याने उभा राहील.

मेसेज वाचून कोणी असा दावा आधीच लावला असेल, तर आजच वकिलांना भेटा. ताब्याची मागणी दुरुस्ती अर्जाने घालता येते, पण सुनावणी सुरू झाल्यावर ती परवानगी मिळणं अवघड होतं.