रास्पबेरी पाय विकता, मग अडॅप्टरचं का सांगत नाही?

रास्पबेरी पाय म्हणजे टीव्हीला जोडायचा तळहाताएवढा कॉम्प्युटर. तो विकणारे आणि त्यावर व्हिडिओ करणारे सगळे एकच टेप वाजवतात: बोर्ड घ्या, मेमरी कार्ड घाला, घरातला कुठलाही मोबाइल चार्जर लावा, टीव्ही स्मार्ट झाला. साफ खोटं आहे हे. बेळगावपासून निपाणीपर्यंत ज्या ज्या घरात टीव्हीच्या मागं हे डबडं धूळ खात पडलंय, तिथली दहातली नऊ दुखणी करंटची आहेत. नि लोक शिव्या घालतात कोडीला, म्हणजे त्यावर सिनेमे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला.

चित्र अडखळतंय, हार्ड डिस्क मधूनच गायब होतेय, वायफाय सुटतंय, अधूनमधून पाय आपोआप रीस्टार्ट होतोय. अशा वेळी आधी चार्जर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं वाचा. पायच्या चौथ्या मॉडेलला, पाय ४ ला, ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. पाय ५ ला ५.१ व्होल्ट, ५ अँपिअर. चार्जरवर ६५ वॅट छापलंय म्हणून काही होत नाही. ते वॅट ९, ११, २० अशा चढ्या व्होल्टवर मिळतात, तेही फोन आणि चार्जर यांचं आपसात जमल्यावर. पाय ५ व्होल्टच्या वर मागतच नाही, आणि त्या ५ व्होल्टच्या ओळीत पुष्कळदा फक्त २ अँपिअर लिहिलेलं असतं. दुकानदाराला ही ओळ वाचता येत नाही का? येते. पण तिथं अडॅप्टर वेगळा घ्यायला सांगितला की गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून गप्प बसायचं.

केबलचं तर कुणी नावच काढत नाही. स्वस्त केबलीत २८ गेजची बारीक तार असते (गेजचा आकडा मोठा तेवढी तार बारीक), मीटरला साधारण ०.२१ ओहम रोध. करंट जातो एका तारेतून, परततो दुसऱ्या, म्हणजे मीटरभर केबलीचे झाले ०.४२ ओहम. २ अँपिअर ओढले की ०.८५ व्होल्ट वाटेतच संपले. ५.१ मधून ते वजा करा, उरले ४.२५. पाय ४.६३ व्होल्टच्या खालीच कमी व्होल्टेजची नोंद करतो आणि प्रोसेसरचा वेग उतरवतो. मग सिनेमा अडखळणार नाही तर काय! २० गेजच्या जाड तारेत हीच घट ०.१३ व्होल्ट होते. एवढा फरक तारेच्या जाडीनं पडतो, आणि आम्हाला सांगतात केबल कुठलीपण चालते. (२०१९ च्या पहिल्या खेपेतल्या पाय ४ ला तर उलटा त्रास: यूएसबी-सीच्या जोडणीत एक रोधक कमी टाकलेला, त्यामुळं लॅपटॉपच्या चांगल्या, चिप असलेल्या केबलीवर तो चालूच होत नाही. जुना बोर्ड घेणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.)

खात्री करायला पैसे लागत नाहीत. लिब्रेएलेक, म्हणजे पायवर कोडी चालवणारी प्रणाली, तिच्यात एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पायला आज्ञा द्यायची सोय) चालू करा, आत जाऊन व्हीसीजेनसीएमडीला थ्रॉटल्डची स्थिती विचारा (vcgencmd get_throttled). उत्तर नुसतं शून्य आलं तर करंट ठीक आहे. शेवटी ५०००५ आलं तर आत्ता या क्षणी व्होल्टेज कमी आहे. ५०००० आलं तर चालू केल्यापासून कधीतरी पडून गेलंय. सिनेमा लावून, डिस्क फिरत असताना विचारा. रिकामा पाय कुठल्याही चार्जरवर ठीकच दिसतो.

आणि ती डिस्क! पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. पाय ५ ला पुरता ५ अँपिअरचा अडॅप्टर नसेल तर सगळे पोर्ट मिळून फक्त ०.६. अडीच इंची डिस्क फिरायला लागताना एक अँपिअरच्या आसपास ओढते. सोबत कीबोर्डचा डोंगल आणि पेन ड्राइव्ह लावा, झाली बोंब. डिस्कला स्वतःचा अडॅप्टर असलेला हब द्या. एवढं एक वाक्य विकताना सांगायला काय जातं?

आता आपल्याकडची लाईट. पावसाळ्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं फांदी तारेवर पडली की करंट जातो, येतो, परत जातो. यावर दुकानात काय सांगतात? स्टॅबिलायझर घ्या. कशाला ओ? चांगला अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, शेतातल्या मोटारी सुरू होऊन व्होल्टेज उतरलं तरी त्याला फरक पडत नाही. पायला मारतो तो तुटलेला करंट. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावरचं बटण यूपीएस मोडवर करा. साध्या मोडमध्ये लाईनीवरून बॅटरीवर यायला जेवढा वेळ जातो तो पंख्याला चालतो, पाय तेवढ्यात बंद पडून परत सुरू होतो. राउटरसाठीचा छोटा यूपीएस पायला लावू नका. त्याचं मुख्य आउटपुट १२ व्होल्टचं असतं आणि यूएसबीचं बहुधा २ अँपिअरच्या वर जात नाही.

करंट असा तुटला की कार्ड जातं, हेही अर्धंच सांगतात. लिब्रेएलेकची मूळ प्रणाली वाचण्यापुरतीच उघडलेली असते, ती सहसा शाबूत राहते. फुटतो तो स्टोरेजचा भाग, म्हणजे कोडीची सगळी यादी, पोस्टरं, कुठवर बघितलं त्या खुणा. लिब्रेएलेकच्या सेटिंगमध्येच बॅकअप आहे. घ्या आणि ती फाइल डिस्कवर हलवा, कार्डावरच ठेवून काय उपयोग? कार्ड नवं असेल तर वापरण्याआधी एच२टेस्टडब्ल्यू (h2testw) या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रॅमनं पूर्ण भरून तपासा. ६४ जीबी छापलेली ८ जीबीची कार्डं राजरोस विकली जातात, आणि ती पहिले काही दिवस व्यवस्थित चालतात हाच त्यातला डाव.

लाईट परत आली की पुढचा ताप. पाय आपोआप सुरू होतो, टीव्ही बंदच असतो. पायला समोर टीव्ही दिसत नाही, तो चित्र पाठवत नाही, आणि मागून टीव्ही लावणाऱ्या माणसाला काळा पडदा. लोक बोर्ड जळाला म्हणून फेकून देतात! टीव्ही चालू असताना एसएसएचमधून गेटईडीआयडी क्रिएट (getedid create) ही आज्ञा एकदा चालवा आणि रीस्टार्ट करा, पाय टीव्हीची माहिती साठवून ठेवतो. पाय ४ ला घड्याळाची बॅटरी नाही, तो वेळ इंटरनेटवरून घेतो, म्हणून राउटर सुरू होईपर्यंत तारीख चुकीची राहते आणि कोडीचे अ‍ॅडऑन सुरक्षित जोडणी नाकारतात. लिब्रेएलेकच्या नेटवर्क सेटिंगमध्ये नेटवर्कची वाट बघूनच कोडी सुरू करायचा पर्याय आहे, तो लावा.

सगळ्यात संताप येतो तो ‘४के चालतं’ या थापेचा. व्हिडिओ दाबून साठवायच्या दोन पद्धती: जुनी एच.२६४ आणि नवी एचईव्हीसी. पाय ४ मध्ये ४के चालतं ते एचईव्हीसी. एच.२६४ साठी त्याचं हार्डवेअर १०८० च्या, म्हणजे फुल एचडीच्या, पुढं जात नाही. आणि लग्नाचे, जत्रेतल्या नाटकांचे व्हिडिओ फोटोग्राफर सर्रास ४के एच.२६४ मध्येच देतात. मग वऱ्हाडासमोर नवरा-नवरी झटके खात चालतात आणि पाय लावून देणारा मुलगा सगळ्यांची बोलणी खातो. त्याची काय चूक? खोक्यावर मोठ्या अक्षरात ४के छापणाऱ्यानं खाली एक ओळ छापली असती तर? फोटोग्राफरला ठरवतानाच सांगा: १०८० चं एच.२६४ द्या, नाहीतर ४के एचईव्हीसी. पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला द्या, फॅट३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही. आणि पाय ४ ला सेकंदाला ६० फ्रेमचं ४के हवं असेल तर एचडीएमआयची केबल पॉवरच्या जवळच्या पोर्टातच घाला, दुसऱ्या पोर्टावर ते मिळत नाही.