झुलीला दोन बाजू असतात

ज्याला टेबलावरच्या लढाईच्या खेळासाठी चिमुकल्या प्लॅस्टिकच्या शिपायांचं सैन्य रंगवायचं आहे, त्याने रोमन रंगवावेत. लाल अंगरखा, चंदेरी चिलखत, तपकिरी चपला. एकाला जे लावलं तेच शंभरांना. तेवढाही उत्साह नसेल तर सांगाड्यांची फौज घ्यावी. हाडाच्या रंगाचा फवारा मारायचा, वरून पातळ तपकिरी सोडायचा, तो आपणहून बरगड्यांच्या फटींत जाऊन बसतो, आणि रविवारच्या झोपेआधी अख्खी पलटण तयार. ब्रिटनच्या दंतकथांतल्या आर्थर राजाच्या वाटेला मात्र शहाण्या माणसाने जाऊ नये. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम गावातल्या आमच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग सध्या कॅमेलॉटच्या, म्हणजे आर्थरच्या राजधानीच्या, ताब्यात आहे. उरलेल्या अर्ध्यावर घरची माणसं कोपरं सांभाळून जेवतात, आणि पोळ्यांचा डबा खुर्चीवर असतो.

आम्ही या गावात आलो ते बायकोच्या नोकरीमुळे. हे गाव म्हणजे या छंदाची पंढरी, हे आल्यावर कळलं. १९८३ साली 'वॉरहॅमर' हा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचं मुख्य ठाणं इथे लेंटन भागात आहे, आणि दारात एका चिलखती शिपायाचा भलामोठा पुतळा उभा आहे. पंढरीत राहून माळ घातली नाही तर बरं दिसत नाही.

खेळ तसा सरळ. सहा फूट लांब, चार फूट रुंद टेबल, इंचांची टेप, मूठभर फासे आणि साधारण २८ मिलिमीटर उंचीची माणसं. एच. जी. वेल्सने १९१३ साली अशा लढायांचे नियम पुस्तकात छापले. तो जमिनीवर पालथा पडून खेळण्यातल्या तोफेने लाकडी गोळ्या मारायचा. पण वेल्ससाहेबांचे शिपाई दुकानातून रंगूनच घरी यायचे. आमचे करड्या प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटून येतात. मुंडकं एकीकडे, घोड्याचं ढुंगण दुसरीकडे, आणि भाला ज्या हातात असतो तो हात कुठे आहे हे शोधण्यात संध्याकाळ जाते. मग कापा, तासा, चिकटवा. सुपरग्लू भाल्यापेक्षा अंगठ्याला जास्त लवकर धरतो.

वॉरहॅमरच्या काल्पनिक जगात ब्रेटोनिया नावाचं राज्य आहे. थाट फ्रेंच, आणि माल बराचसा आर्थरच्या कथांतून उचललेला: तळ्यातली देवी, येशूचा पवित्र चषक, त्याच्या शोधात वणवणणारे सरदार, मधूनच उगवणारा एक हिरवा सरदार. २०१५ साली कंपनीने कथेतलं ते अख्खं जगच बुडवलं. जानेवारी २०२४ मध्ये 'द ओल्ड वर्ल्ड' या नावाने ते पुन्हा वर काढलं, आणि पहिल्याच खेपेत ब्रेटोनिया हजर. आर्थर राजा एक दिवस ॲव्हलॉन या मायावी बेटावरून परत येईल अशी ब्रिटनमध्ये जुनी आख्यायिका आहे. तो काही अजून आला नाही, खोकं आलं. मी ते घेतलं, आणि नुसते कल्पनेतले सरदार कशाला म्हणून थेट गोलमेजाची, म्हणजे आर्थरच्या गोल टेबलाभोवती बसणाऱ्या सरदारांची, मंडळीच उभी करायला घेतली: लान्सलॉट, गवेन, गॅलहॅड, के, पॅलोमिडीज.

मराठेशाहीत बारगिराला घोडा आणि हत्यारं सरकारातून मिळायची, शिलेदार स्वतःची घेऊन यायचा. गोलमेजावरचे सगळे शिलेदार. घोडा स्वतःचा, ढाल स्वतःची, ढालीवरचं चिन्हही स्वतःचं. बारगीर असते तर एका डबीत सगळे उरकले असते. ते गोल टेबलाचं तत्त्व ऐकायला फार उदात्त आहे, कोणी वरच्या पंगतीला नाही, कोणी खालच्या. रंगवणाऱ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच, की मागच्या रांगेत दडवावा असा एकही सरदार उरत नाही.

आता ही चिन्हं पाहा. मध्ययुगातल्या हौशी मंडळींनी यातल्या बहुतेकांच्या ढाली कागदोपत्री ठरवून ठेवल्या आहेत. आर्थरच्या निळ्यावर तीन सोनेरी मुकुट. लान्सलॉटच्या पांढऱ्यावर तीन तिरपे लाल पट्टे. गॅलहॅडचा पांढऱ्यावर लाल क्रूस. केच्या निळ्यावर दोन चंदेरी किल्ल्या, कारण तो राजाचा कारभारी. गवेनच्या लालवर पाच टोकांचा सोनेरी तारा, तोही हात न उचलता एका रेषेत काढलेला, कारण जुन्या काव्यात तसं वर्णन आहे आणि त्या एका ताऱ्याचे गुण सांगायला कवीने ओळींमागून ओळी खर्च केल्या आहेत. कवीचं काय जातं. आणि पॅलोमिडीज! याची ढाल म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकटी. अंगठ्याच्या नखाएवढी ढाल, तिला मधोमध फुगवटा, आणि त्यावर बुद्धिबळाचा पट.

बरं, चिन्ह ढालीवर काढून सुटका होत नाही. ते अंगरख्याच्या छातीवर हवं, पाठीवर हवं, आणि घोड्याच्या झुलीवर हवं. झूल थेट खुरांपर्यंत लोंबते, आणि तिला दोन बाजू असतात. दोन्ही बाजूंनी सारखंच काढलं तर शास्त्र आडवं येतं: झुलीवरच्या सिंहाने घोड्याच्या डोक्याकडेच पाहिलं पाहिजे, नाहीतर तो रणांगणातून पळतोय असं दिसतं. म्हणजे दुसऱ्या बाजूचा सिंह आरशातला काढायचा. मला पहिल्याच बाजूचा सिंह मांजरावर थांबवता येत नाही. (पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील छाप मिळतात. ते सपाट ढालीवर छान बसतात. सपाट ढाल कोणी बनवत नाही.)

खरी मेख मात्र नियमात आहे. या चिन्हशास्त्रात सोनं आणि चांदी हे धातू. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर रंग चालतो, रंगावर धातू चालतो. रंगावर रंग किंवा धातूवर धातू सहसा चालत नाही. ढाल लांबून ओळखू यावी हा हेतू, आणि तो रास्त आहे. पण सोनं म्हणजे पिवळा आणि चांदी म्हणजे पांढरा. याचा अर्थ, नियमात बसणाऱ्या ढालीवर दोघांपैकी एक असायलाच हवा. आणि साऱ्या रंगपेटीत नेमके हेच दोन रंग हरामखोर आहेत. पिवळा पहिल्या हातात खालचं काहीही झाकत नाही, दुसऱ्या हातात ब्रशचे ओरखडे दाखवतो, आणि तिसऱ्या हातानंतर ताऱ्याची टोकं बुजून त्याचं फूल होतं. पांढरा दाट लावला तर भुकटी धरतो. पातळ लावला तर शेजारचा लाल त्याच्यात शिरतो. गॅलहॅडसारख्या आजन्म ब्रह्मचाऱ्याची ढाल अशी अधूनमधून गुलाबी होते.

सरंजामशाहीबद्दलची माझी मतंही यामुळे घसरली आहेत. या सैन्यात सरदारांमागे गरीब कुळांची पायदळ फौज असते. कळकट कपडे, मळकी टोपी, हातात कोयते. त्यांना तपकिरी लावायचा, वर पातळ काळपट रंगाचा वॉश, गुडघ्यापर्यंत चिखल, संपलं. ब्रश कुठे घसरला तर त्यालाही चिखल म्हणता येतं. मला ही माणसं मनापासून आवडतात. त्यांच्या दारिद्र्यात माझा फार वेळ वाचतो.

गेल्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आली, तेव्हा मी लान्सलॉटच्या डोळ्यात होतो. डोळ्याचं तंत्र असं: आधी पांढरी रेघ, मग तिच्यात काळा ठिपका, आणि ठिपका टेकवताना हात हलू नये म्हणून श्वास कोंडायचा. पूरक झालं, कुंभक चालू होतं, ब्रशचं टोक बुबुळापासून केसभर लांब, आणि मागून आवाज आला, "अरे, चहा ठेवू का?"

रेचक झालं. लान्सलॉट तिरळा झाला. आर्थरच्या राणीवर त्याचा एक डोळा होताच, आता दुसरा राजावर आला.

आईने चष्मा पुसून त्याला हातात घेतलं. "किल्ल्यावरचे मावळे आठवतात का तुला? दिवाळीत कुंभारवाड्यातून आणायचो. ती बाई बसल्या जागी एका फटक्यात दोन ठिपके द्यायची, की मावळा कसा तरतरीत दिसायचा. हा तुझा असा का बघतोय, कोणी उसने पैसे मागितल्यासारखा?"

"आई, हा मोठा योद्धा आहे."

"असेल. शौचाला लागलीय त्याला."

तिला त्याहून मोठा धक्का बसायचा होता. ब्रशला टोक यावं म्हणून आम्ही लोक तो ओठांत धरून ओढतो. चांगली सवय नाही, सगळे सांगतात, सगळेच करतात. आईने ते पाहिलं.

"उष्टा ब्रश परत रंगात घालतोस?"

"माझेच रंग आहेत."

"आणि केस कसले आहेत त्याला?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं म्हणा, पण मुलीने शाळेतल्या हुशारीने सांगून टाकलं, "आजी, ते कोलिन्स्की असतात. सायबेरियातला एक प्राणी असतो, मुंगसासारखा. त्याच्या शेपटीचे."

त्यानंतर आई असेपर्यंत माझ्यासाठी वेगळा पेला होता. श्रीखंडाच्या डब्यात ओला स्पंज आणि वर बेकिंगचा कागद घालून मी रंग ओले राहायची सोय केली होती, तो डबाही तिने 'मुंगसाचा' असं लिहून वेगळा काढला.

तिला काहीतरी दाखवावं म्हणून आम्ही विंचेस्टरला गेलो. तिथल्या ग्रेट हॉलमध्ये ते सुप्रसिद्ध गोलमेज आहे, भिंतीवर टांगलेलं. ओकचं लाकूड, व्यास साधारण साडेपाच मीटर. लाकूड तेराव्या शतकातलं, म्हणजे आर्थर झाला असलाच तर त्याच्यानंतर सात-आठशे वर्षांनी सुताराने केलेलं. रंग त्याच्याही नंतरचा, आठव्या हेन्रीच्या काळचा. १५२२ साली सम्राट पाचवा चार्ल्स पाहुणा आला, तेव्हा हेन्रीने त्याला हे मुद्दाम दाखवलं. हिरवे-पांढरे पट्टे, मधोमध हेन्रीच्या ट्यूडर घराण्याचा गुलाब, वर आर्थर राजा. त्याचा चेहरा हेन्रीसारखाच काढला आहे म्हणतात, आणि ते स्वाभाविक आहे, बिल हेन्रीच देणार होता. कडेने चोवीस सरदार.

आई बराच वेळ मान वर करून पाहत होती. मग म्हणाली, "सरदार कुठे आहेत? नुसती नावं लिहिलीत की."

खरंच. चोवीस सरदार, आणि एकाचीही ढाल काढलेली नाही. राजाचा चित्रकार, पाठीशी इंग्लंडचा खजिना, साडेपाच मीटरची जागा, आणि गड्याने नावांवर भागवलं! मला त्या अनामिक माणसाबद्दल इतका आदर वाटला की मी तिथल्या दुकानातून त्या मेजाचं चित्र असलेला मग घेतला. आता चहा त्यात असतो आणि ब्रशचं पाणी दुसऱ्या मगात. बहुतेक वेळा.

क्लबमध्ये आणखी एक जमात भेटते. तिथे तिला 'बटणं मोजणारे' म्हणतात. हे लोक भिंग घेऊन येतात. "आर्थर पाचव्या-सहाव्या शतकातला. पोलादी पत्र्याचं चिलखत कुठून आलं? कड्यांचं हवं. आणि हे काय, रिकिबी? ब्रिटनमध्ये तेव्हा रिकिबी नव्हत्या." मी म्हणतो, टॉमस मॅलरीने तुरुंगात बसून या कथा लिहिल्या, कॅक्स्टनने त्या १४८५ साली छापल्या, आणि मॅलरीने आपल्या वीरांना आपल्या काळचे कपडे घातले. रविवर्म्याने देवींना नऊवारी नेसवली, तेव्हा कोणी रिकिबी मोजायला आलं होतं का? हा युक्तिवाद नॉटिंगहॅममध्ये अजिबात चालत नाही. पण तो करताना बरं वाटतं.

मग इंग्लंडची हवा. प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराचा, फवारा कोरड्या, उबदार, वारा नसलेल्या दिवशी मारावा असं डब्यावर लिहिलेलं असतं. असा दिवस इथे आला की ऑफिसातून लोक सुटी घेऊन बागेत आडवे होतात. त्यांच्यामधून मी पुठ्ठ्यावर घोडे घेऊन उभा. दमट दिवशी मारला तर सरदारांच्या अंगावर खरखरीत बुरा धरतो. वॉर्निशचं त्याहून वाईट. ते शेवटी मारायचं असतं, सगळं करून झाल्यावर.

चषकाच्या कथेत दीडशे सरदार निघतात आणि चषक पुरता पाहायला मिळतो तो एकट्या निष्कलंक गॅलहॅडला. लहानपणी हे मला अन्यायाचं वाटायचं. आता वाटतं, बरोबर आहे. एक खोकं संपल्याशिवाय दुसरं न घेणारा माणूस मी या छंदात अजून पाहिलेला नाही. आमच्या जिन्याखाली जे करडं प्लॅस्टिक साठलं आहे त्याबद्दल बायको बोलत नाही. ती फक्त व्हॅक्युम क्लीनर ठेवायला जागा शोधत मोठ्याने दारं उघडत फिरते.

अखेर मंडळी क्लबच्या टेबलावर उतरली. आमच्याकडे समजूत आहे की नवं रंगवलेलं पथक पहिल्या लढाईत सर्वांआधी मरतं. समोरचा गडी विशीतला, त्याचे गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, सगळे करडे; प्रायमरसुद्धा नाही, एकाला मुंडकंही नाही. मी बाणाच्या टोकासारखी रचना केली, टोकावर गॅलहॅड, झुलीची बरी बाजू प्रेक्षकांकडे. धावा बोलला. माझे फासे: एक, एक, दोन, एक. त्याचे विचारू नका. बिनमुंडक्याच्या गॉब्लिनने गॅलहॅडला लोळवला.

मेलेला मोहरा टेबलावरून उचलायचा असतो. मी हा सरदार आजवर बुचाला चिकटवून धरला होता, बोटांचं तेल लागू नये म्हणून. पोराने एका हाताने चीजच्या चिप्सचं पाकीट खाली ठेवलं आणि दुसऱ्या हाताची नारिंगी चिमूट करून गॅलहॅडला मुंडक्याला धरून उचललं. उजेडात फिरवून पाहिलं.

"छान आहे," तो म्हणाला, "पण या बाजूचा क्रूस वाकडा आहे."

मी त्याला टिश्यू दिला, पॅलोमिडीजला टोकावर आणला आणि फासे मागितले.