माप भातुकलीत गेलं होतं

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या भावकीच्या ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड. "अश्वगंधारिष्ट. थकवा, झोप, सांधे, शुगर, सगळ्यावर एकच उपाय. आयुर्वेदिक असल्याने शून्य साइड इफेक्ट. कितीही घ्या." खाली नऊ जणांचे हात जोडलेले. चहा गार झाला माझा.

कितीही घ्या म्हणे!

काका, गेल्या आषाढीला तुम्ही स्वतः अण्णांना बघायला दवाखान्यात आला होतात हो. शहाळं घेऊन आला होतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझे वडील माळकरी. चाळीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ आहे, लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या ताटात मटण असलं तर उठून दुसरीकडे बसणारा माणूस. साखरेची गोळी चालू आहे. पायात गोळे येतात, झोप लागत नाही म्हणून कट्ट्यावरच्या कुणीतरी अश्वगंधारिष्ट सुचवलं. तालुक्याच्या दुकानातून बाटली आणली. दुकानदाराने विचारलं नाही की दुसरं काय चालू आहे, अण्णांनी सांगितलं नाही. खोक्यात प्लास्टिकचं छोटं माप होतं, ते माझ्या भाचीने पहिल्याच दिवशी भातुकलीला पळवलं. मग अण्णा फुलपात्राने घ्यायला लागले. अर्धं फुलपात्र.

लेबलवर काय असतं? साधारण १५ ते २५ मिली, तेवढंच पाणी घालून, जेवणानंतर. अर्धं फुलपात्र म्हणजे शंभरच्या आसपास. चार ते सहा वेळचं औषध एका दमात.

आणि त्याच लेबलवर खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल आहे. लपवलेलं नाही कुणी, पण वाचतं कोण? आसव आणि अरिष्ट ही आयुर्वेदातली पातळ औषधं बनतातच आंबवून. अरिष्टात आधी काढा करायचा, त्यात मध किंवा गूळ, धायटीची फुलं घालायची, तोंड बंद करून महिनाभर ठेवायचं. त्यातून अल्कोहोल तयार होतं, पाच ते दहा टक्क्यांच्या घरात. बिअर साधारण ५ टक्क्यांची असते. पंधरा मिलीला त्याने काही होत नाही. फुलपात्राला होतं.

तर आषाढी एकादशी. अण्णांचा कडक उपवास. सकाळी साखरेची गोळी घेतली (गोळीला कुठे उपवास असतो, हे त्यांचं वाक्य), दोन केळी खाल्ली आणि दुपारी अशक्तपणा वाटतोय म्हणून वरून टॉनिक. चार वाजता दरदरून घाम. हात थरथरायला लागले, बोलणं लडबडलं. वहिनीने साखरेचं पाणी पाजलं म्हणून बरं. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर ५२.

डॉक्टर वाकले, वास आला, आणि त्यांनी सरळ विचारलं, "बाबांनी किती घेतलीय?"

माझा भाऊ त्यांच्या अंगावर जायचा बाकी होता. "माळ दिसत नाही का गळ्यातली?" वहिनी शहाणी. ती काही न बोलता घरी गेली आणि बाटली घेऊन आली.

डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. उपवास, त्यात साखर उतरवणारी गोळी, त्यात रिकाम्या पोटी अल्कोहोल. अल्कोहोल आलं की यकृत साखर सोडायचं काम बाजूला ठेवतं. शिवाय अश्वगंधा स्वतःही साखर थोडी खाली आणू शकते. आणि साखर उतरलेला माणूस दारू प्यायल्यासारखाच बोलतो. कोणाचा किती वाटा हे सांगता येत नाही म्हणाले.

हे लिहिताना पुन्हा डोकं तापलंय माझं. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ पासून कायद्याने बंदी आहे. पण सकाळी सहाच्या फॉरवर्डवर कोण केस करणार? घरातलाच माणूस पाठवतोय, तोही प्रेमाने.

आता लगेच कुणी येईल, "म्हणजे तू आयुर्वेदाच्या विरोधात!" अजिबात नाही. बाळंतपणानंतर मी दशमूलारिष्ट घेतलंय, आईने मोजून दिलेलं, आणि मला बरं वाटलं होतं. इंग्रजी गोळ्यांनीही लोक आडवे होतात, तेही मान्य. पण त्या गोळीला आपण निदान घाबरतो तरी. चरकसंहितेतच सांगितलंय की नीट योजलं तर विषाचंही औषध होतं आणि चुकीचं योजलं तर औषधाचं विष. म्हणजे "साइड इफेक्ट नाही" हे आयुर्वेद म्हणत नाही, आपला ग्रुप म्हणतो. खरा वैद्य आधी नाडी बघेल, भूक विचारेल, झोप विचारेल, काय चालू आहे ते विचारेल, आणि मग कशाबरोबर, किती, किती दिवस ते सांगेल. आपण यातलं सगळं गाळून फक्त बाटली ठेवली.

कोविडात गुळवेलीचं काय केलं आठवतंय ना? वाडीत दिसेल तो वेल उकळून प्यायलो. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये यकृताला सूज आलेल्या सहा जणांबद्दल लिहिलं, तर आयुष मंत्रालय म्हणालं की ती गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असेल. असेलही! पण मग तेच तर म्हणतेय मी, आपल्याला वेल तरी ओळखता येतो का?

आणि अश्वगंधा नव्याने सुरू करणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, रील बघून चमचा भरण्याआधी: दिवस राहिले असतील तर नको. थायरॉइडची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको, तिने थायरॉइड वर जाऊ शकतो. झोपेची गोळी घेत असाल तर नको. डोळे पिवळे वाटले, लघवी गडद झाली तर लगेच बंद. आणि डॉक्टरांना सांगा, "ते काय, आयुर्वेदिकच आहे" म्हणून लपवू नका.

त्या रात्री मी पुण्याहून पोहोचले तेव्हा सलाईन चालू होतं. साखर जागेवर आली होती. अण्णा छताकडे बघत होते. मला वाटलं, घाबरलेत. मी म्हटलं, "अण्णा, आता सगळं ठीक आहे." ते माळेतला एक मणी चिमटीत धरून म्हणाले, "बाय, म्हंजे मी तीन आठवडे दारू पीत हुतो? एकादशीला बी?"

काय सांगणार? नंतर एका वैद्यबाईंनी त्यांना समजावलं की औषधातलं ते दारूत धरत नाहीत, शास्त्रातलंच आहे. अण्णांनी मान हलवली. पण घरी गेल्यावर उरलेली बाटली त्यांनी स्वतःच्या हाताने मोरीत ओतली आणि त्या दिवशी जेवले नाहीत. नशीब, गोळीही घेतली नाही.

माप अजून भाचीकडेच आहे. त्यात ती बाहुलीला दूध पाजते.

काका, तुम्ही फेसबुकवर असता, वाचालच. रागावू नका. तुम्हालाही दोन वर्षांपासून साखरेची गोळी चालू आहे. पाकिटाचा फोटो काढून मला पाठवा. आणि आधी उठून बघा, तुमच्या बाटलीचं माप कुठे आहे.