हात लागतो ते सगळं इनपुट नव्हे

‘मुलांना घरीच कॉम्प्युटर शिकवा’ असा एक मेसेज जळगाव-धुळ्याकडच्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्या आहेत: टेबलाखालचा डबा म्हणजे सीपीयू, हाताने चालवतो ते इनपुट आणि डोळ्यांना दिसतं ते आउटपुट, रॅम जास्त तर फोटो जास्त मावतात, मशीन मंदावलं की प्रोसेसर गेला, नवं घ्या. हेतू चांगला आहे. पण चारही गोष्टी चुकीच्या आहेत आणि मुलं त्या पाठ करताहेत, म्हणून हे लिहितोय.

डबा म्हणजे कॅबिनेट. सीपीयू, म्हणजेच प्रोसेसर, ही त्याच्या आत, मदरबोर्डवर (मुख्य सर्किटच्या पाटीवर) बसवलेली तळहातात मावेल एवढी चिप. दुकानातही डब्यालाच सीपीयू म्हणतात हे खरं, पण त्यामुळे साधा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) जळाला तरी ‘सीपीयू गेला’ ऐकून माणूस मोठ्या खर्चाच्या धास्तीने घाबरतो.

खरा घोळ इनपुट-आउटपुटचा आहे. माईक आणि वेबकॅमला हात लावावा लागत नाही, तरी दोन्ही इनपुट. स्पीकरचं काम कानांसाठी, तरी तो आउटपुट. पाहायचं एवढंच, की माहिती यंत्रात शिरतेय की बाहेर पडतेय. कापसाने भरलेली ट्रॉली जिनिंगच्या भुईकाट्यावर चढते, तेव्हा खालचे लोडसेल (वजन ओळखणारे सेन्सर) वजनाचा विद्युत संदेश करून आत पाठवतात. कुणी बोटही लावलेलं नसतं आणि तरी ते इनपुटच. केबिनमध्ये दिसणारा आकडा आणि हातात येणारी पावती हे आउटपुट. रेशन दुकानातल्या ई-पॉसवर आजी अंगठा ठेवते, तिथेही हाच प्रवास. मुलांना व्याख्या घोकायला लावण्यापेक्षा ही दोन यंत्रं दाखवा आणि काय आत गेलं, काय बाहेर आलं ते त्यांनाच सांगू द्या. टचस्क्रीन तर दोन्ही कामं करते: चित्र दाखवते आणि बोट कुठे टेकलं तेही कळवते. तिला एकाच रकान्यात बसवणारा तक्ता चुकलेलाच आहे.

रॅमचा गैरसमज होतो, कारण रॅम आणि साठवण दोन्ही जीबीतच मोजतात. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी (कायम साठवणीचा भाग) असेल, तर फोटो राहतात एसएसडीत. रॅममध्ये फक्त चालू काम असतं आणि वीज गेली की ती रिकामी होते. आपल्याकडे हे मुलांना सांगायलाच हवं, कारण लाईट कधी जाईल याचा नेम नाही. प्रोजेक्ट टाइप करताना दर थोड्या वेळाने कंट्रोल आणि एस दाबून काम सेव्ह करायची सवय लावा. साध्या इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर खंड पडला तरी डेस्कटॉप बंद पडू शकतो. त्यासाठी खंड न पडू देता बॅटरीवर वीज देणारा यूपीएस लागतो.

राहिला मंदावण्याचा मुद्दा. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि कॅबिनेटच्या पंख्यावर धुळीचा थर असतो. अशा वेळी दोष प्रोसेसरच्या माथी मारून पैसे घालवू नका. प्लग काढा, झाकण उघडा, मऊ ब्रशने पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) साफ करा, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. तरीही मंद असेल तर रॅम भरतेय का आणि डिस्क जुनी हार्ड डिस्क आहे का ते तपासा. तिच्या जागी एसएसडी टाकली की बरीच जुनी मशीनं पुन्हा नीट चालतात.