बिली मेरेडिथ: चार पौंडांच्या चौकटीत न मावलेला खेळाडू

1909 सालच्या उन्हाळ्यातले एक छायाचित्र आहे. काही महिन्यांपूर्वीच एफए कप ही इंग्लंडमधील बाद फेरीची स्पर्धा जिंकलेले मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू त्यात एकत्र बसलेले आहेत आणि त्यांच्यासमोरच्या पाटीवर ‘आउटकास्ट्स एफ. सी.’ असे लिहिले आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर हा वाळीत टाकलेल्यांचा संघ. त्यांचा गुन्हा एवढाच होता की खेळाडूंच्या संघटनेचा राजीनामा देण्याचा इंग्लिश फुटबॉल असोसिएशनचा हुकूम त्यांनी मानला नव्हता. ती संघटना उभी करण्यात ज्याचा मोठा वाटा होता, त्या बिली मेरेडिथविषयी आज लिहावेसे वाटते. आपल्याकडे युनायटेड आणि सिटीचे सामने पाहण्यासाठी रात्री जागणारे पुष्कळ आहेत, पण दोन्ही क्लबांचा लाडका ठरलेला हा वेल्श खेळाडू त्यांच्या बोलण्यात क्वचितच येतो.

मेरेडिथचा जन्म 30 जुलै 1874 रोजी वेल्समधील चर्कजवळच्या ब्लॅक पार्क या खाणवस्तीत झाला. वयाच्या बाराव्या वर्षी तो कोळशाच्या खाणीत उतरला आणि भुयारात घोडी हाकू लागला. फुटबॉल तेथे घरोघरी खेळला जात असे, मात्र त्यावर पोट भरणे त्याच्या आईला मुळीच पसंत नव्हते. मुलाला न्यायला आलेल्या मँचेस्टर सिटीच्या एका पदाधिकाऱ्याला गावकऱ्यांनी पाण्यात बुचकळून काढले, अशी एक आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, 1894 मध्ये मेरेडिथ सिटीकडे गेला तो खाणीतली नोकरी न सोडताच, आणि पहिले काही महिने आठवडाभर कोळसा व शनिवारी फुटबॉल असाच त्याचा क्रम होता. स्वतःच्या मैदानावरचा त्याचा पहिला सामना न्यूटन हीथशी झाला. सिटी 5-2 अशी हरली, पण तिचे दोन्ही गोल मेरेडिथचे होते. हाच न्यूटन हीथ क्लब पुढे 1902 मध्ये मँचेस्टर युनायटेड झाला.

उजव्या बगलेवर रेषेला चिकटून धावायचे, बचावपटूला अंगावर येऊ द्यायचे, शेवटच्या क्षणी त्याला चकवायचे आणि चेंडू गोलसमोर अचूक टाकायचा, ही त्याची पद्धत होती. खेळताना त्याच्या दातांत कायम एक काडी असे. व्यंगचित्रकारांना तेवढीच पुरे होती. 1904 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर 60,000 हून अधिक प्रेक्षकांसमोर सिटीने बोल्टनला 1-0 असे हरवून पहिला एफए कप जिंकला, तेव्हा कर्णधार मेरेडिथच होता आणि गोलही त्याचाच होता.

ज्या व्यवस्थेत हे सारे चालले होते, ती समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. 1901 पासून इंग्लंडमध्ये खेळाडूला आठवड्याला 4 पौंडांपेक्षा अधिक वेतन देण्यास मनाई होती, आणि करार संपला तरी त्याची नोंदणी क्लबच्याच ताब्यात राहत असल्याने क्लबच्या परवानगीवाचून त्याला दुसरीकडे जाता येत नसे. 4 पौंड ही रक्कम त्या काळी कुशल कारागिराच्या कमाईपेक्षा जास्तच होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु कारागिराला नोकरी सोडून दुसऱ्या कारखान्यात जाता येत होते आणि पंचविशी-तिशीत गुडघा निकामी होऊन त्याचा धंदा संपत नव्हता. मोठे क्लब ही मर्यादा गुपचूप ओलांडत, असोसिएशन अधूनमधून हिशेबाच्या वह्या तपासत असे आणि शिक्षा मात्र बहुतेक वेळा खेळाडूंच्या वाट्याला येत असे.

मेरेडिथ या प्रकरणात धुतल्या तांदळासारखा नव्हता. 1905 मध्ये हंगामाच्या शेवटच्या सामन्यात सिटीला ॲस्टन व्हिलाविरुद्ध विजय हवा होता. त्यासाठी मेरेडिथने व्हिलाचा कर्णधार अॅलेक लीक याला 10 पौंड देऊ केल्याचा ठपका ठेवून असोसिएशनने त्याच्यावर बंदी घातली. त्याने आधी इन्कार केला. नंतर हे आपण क्लबचा व्यवस्थापक टॉम मेली याच्या सांगण्यावरून केल्याचे तो म्हणू लागला. बंदीच्या काळात क्लबने हात वर केले, तेव्हा चिडलेल्या मेरेडिथने सिटीमधील चोरटे पगार उघड केले. 1906 मध्ये मेलीवर आजन्म बंदी आली आणि 17 खेळाडूंना 1907 च्या जानेवारीपर्यंत खेळण्यास मनाई झाली. ज्या सहकाऱ्यांची त्यात होरपळ झाली, त्यांच्या बाजूने पाहिले तर मेरेडिथचे हे वागणे उदात्त म्हणता येत नाही. तरीही त्याच्या तोंडून बाहेर पडले ते सगळ्यांना आधीपासून ठाऊक होते, आणि लाच देऊ करणाऱ्यापेक्षा पगाराची खरी रक्कम सांगणाऱ्याचाच संताप अधिक यावा, हे मला फार बोलके वाटते.

युनायटेडने ही संधी साधली. मेरेडिथसह सिटीचे चार बंदीग्रस्त खेळाडू त्यांच्याकडे आले आणि 1908 मध्ये युनायटेडने पहिल्यांदा लीग जिंकली. त्यापूर्वी 2 डिसेंबर 1907 रोजी मँचेस्टरच्या इम्पिरियल हॉटेलात खेळाडूंच्या संघटनेची स्थापना झाली होती आणि त्या बैठकीचे अध्यक्षस्थान मेरेडिथने भूषवले होते. 1909 मध्ये ही संघटना इतर कामगार संघटनांच्या महासंघाशी जोडली जाऊ लागताच असोसिएशनने राजीनाम्याचा हुकूम काढला. बहुसंख्य खेळाडूंनी मान तुकवली. कर्णधार चार्ली रॉबर्ट्ससह युनायटेडचे खेळाडू अडून राहिले आणि त्यांच्या मदतीला एव्हर्टनचा टिम कोलमन उभा राहिला. हंगामाच्या तोंडावर तडजोड झाली. संघटनेला मान्यता मिळाली, पण महासंघाचा नाद सोडावा लागला आणि वेतनमर्यादाही कायम राहिली. याला विजय म्हणण्याची प्रथा आहे. मला मात्र ती निम्मी हार वाटते, कारण ही मर्यादा हटायला 1961 साल उजाडावे लागले आणि तोवर ती अवघ्या 20 पौंडांपर्यंत पोहोचली होती. त्याच 1909 मध्ये मेरेडिथचे क्रीडासाहित्याचे दुकान आगीत जळाले आणि तो दिवाळखोर झाला. अधिक पैसे मागणाऱ्याला लोभी ठरवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.

1911 मध्ये युनायटेडने पुन्हा लीग जिंकली. 1915 च्या गुड फ्रायडेला युनायटेड आणि लिव्हरपूलच्या काही खेळाडूंनी पैजेसाठी सामना आधीच ठरवून घेतला, तेव्हा मेरेडिथही मैदानात होता. त्याला या कटाची कल्पना नव्हती. कोणी आपल्याकडे चेंडूच देत नाही, हे पाहून संशय आल्याचे त्याने पुढे सांगितले. कधीकाळी लाचेच्या आरोपात सापडलेल्या माणसावर ही पाळी यावी, हा दैवाचा खेळच म्हणायचा.

वेल्ससाठी तो 48 सामने खेळला. हा आकडा आणखी मोठा झाला असता, पण इंग्लिश क्लब त्याला अनेकदा सोडत नसत. 15 मार्च 1920 रोजी लंडनमधील हायबरी मैदानावर वेल्सने इंग्लंडला 2-1 असे हरवले, तेव्हा तो 45 वर्षांचा होता. पंचवीस वर्षे इंग्लंडविरुद्ध झुंजलेल्या या माणसाच्या डोळ्यांत सामन्यानंतर पाणी आले, असे सांगतात. पुढच्या वर्षी तो सिटीकडे परतला आणि 29 मार्च 1924 रोजी, वयाची पन्नाशी चार महिन्यांवर आली असताना, न्यूकॅसलविरुद्ध एफए कपच्या उपांत्य सामन्यात शेवटचा खेळला. सिटी 2-0 अशी हरली.

19 एप्रिल 1958 रोजी मँचेस्टरमध्ये त्याचे निधन झाले. युनायटेडचे खेळाडू ज्यात दगावले त्या म्युनिकच्या विमान अपघाताला दोन महिने उलटले होते आणि शहर अजून त्याच शोकात होते. सदर्न सेमेटरीत त्याला पुरले, पण कबरीवर नावाचा दगड नव्हता. तो 2001 मध्ये बसवण्यात आला आणि त्याचा खर्च वेल्सच्या असोसिएशनने, मँचेस्टरच्या दोन्ही क्लबांनी आणि इम्पिरियल हॉटेलातल्या त्या बैठकीतून जन्मलेल्या खेळाडूंच्या संघटनेने मिळून केला.