जीन्सचा सातबारा

मागच्या रविवारी कोथरूडच्या एका कार्यालयात मुंजीला गेलो होतो. तेव्हापासून हा सल्ला पोटात आहे, मठ्ठ्याबरोबर जिरला नाही.

घराणं, रक्त, बीज हे शब्द आता टाकून द्या. ऐकायला जुनाट वाटतात, आणि घरातली तरुण पोरं लगेच भांडायला उठतात. त्याऐवजी 'जीन्स' म्हणा. लक्ष्मी रोडवर घालून बघता येतात त्या नव्हेत. आजोबांकडून आलेल्या, घालून न बघताच अंगाला बसणाऱ्या.

'जनुक' म्हणू नका. कोणी दबत नाही.

नातवाला गणितात ९६ पडले की आमचे जीन्स. ४६ पडले की क्लास बरोबर नाही.

शब्द आला कुठून, हे मात्र चुकूनही शोधू नका, फार पंचाईत होते. १८६८ साली डार्विनला वाटलं होतं की शरीराच्या प्रत्येक भागातून बारीक कण सुटतात आणि पोरात उतरतात. या कल्पनेला त्याने नाव दिलं पॅनजेनेसिस. ती कल्पना टिकली नाही. १८८९ मध्ये ह्यूगो द व्हरीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या नावातून पेशीतल्या कणांसाठी 'पॅनजेन' काढलं, आणि १९०९ मध्ये विल्हेल्म योहान्सन या डॅनिश माणसाने पुढचं 'पॅन' उडवून नुसतं 'जेन' ठेवलं, तेच इंग्रजीतलं 'जीन'. आपण घरी दत्तात्रयाचा दत्तू करतो तसं.

हा योहान्सन औषधाच्या दुकानात उमेदवारी केलेला माणूस. हाती धड विद्यापीठाची पदवी नाही, म्हणजे आपल्याकडे स्थळ म्हणूनही कोणी विचारलं नसतं. त्याने घेवड्याच्या बिया तोलल्या. एकाच झाडापासून वाढवलेल्या वाणातल्या जड बिया वेगळ्या पेरल्या, हलक्या वेगळ्या. पुढच्या पिढीत दोन्हींची सरासरी सारखीच! म्हणजे त्या वाणातला जड-हलका हा फरक माती, ऊन, शेंगेतली जागा यांचा होता, आणि तो पुढे जात नव्हता. दिसतं ते वेगळं, आत असतं ते वेगळं, म्हणून त्याने दोन शब्द केले, फिनोटाइप आणि जीनोटाइप. 'जेन' म्हणजे नक्की कसली वस्तू, यावर त्याने मुद्दाम काहीच म्हटलं नाही, हिशेबापुरता शब्द ठेवला. पुढे १९११ मध्ये त्याने असंही लिहिलं की बापाचे गुण इस्टेटीसारखे मुलाच्या नावावर होतात ही सगळ्यांत जुनी आणि भाबडी समजूत आहे. ज्या समजुतीवर त्याने टीका केली तिलाच आपण त्याचा शब्द चिकटवला. वाड्याचा वाद कोर्टात पडून असला तरी गुणांचा सातबारा आपल्याकडे कोरा करकरीत असतो.

शब्दाचा अर्थ पुढे बदलत गेला, तिकडेही लक्ष देऊ नका. मॉर्गन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या फळमाश्यांमध्ये तो गुणसूत्रावरचा मणी झाला, १९४१ मध्ये एका विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, कारखाना, १९५३ नंतर डीएनएचा तुकडा. १९७७ मध्ये कळलं की तो तुकडाही सलग नसतो, मध्ये मध्ये न वापरली जाणारी अक्षरं असतात. आज माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २०,००० मोजतात. शास्त्रज्ञांना एवढी दमछाक कशाला हवी होती? पंगतीत बसले असते तर एका जिलबीत कळलं असतं की जीन म्हणजे चांगलं ते आमचं, वाईट ते तिच्या माहेरचं.

तर सल्ला शेवटचा. सुनेचं मूल अडीच वर्षांचं झालं आणि बोलत नसेल, तर पंगतीच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा, "आमच्याकडे दोन वर्षांची पोरं अथर्वशीर्ष म्हणतात. हे तुमच्याकडचे जीन्स हो!"

असंच म्हणालात ना आत्याबाई? माझी भाची, म्हणजे तुमची सून, पोराच्या हनुवटीवरचं श्रीखंड पुसत होती. हात तिथेच थांबला. मग तिने रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मी शेजारीच होतो आणि मठ्ठा पीत बसलो, त्याची लाज मला आहे. तुम्हाला कशाची आहे?

तेवीस गुणसूत्रं आईकडून, तेवीस बापाकडून. एवढं दहावीच्या पुस्तकात असतं. आणि "आमच्याकडे असलं कोणी नाही" हे काय उत्तर झालं? मेंडेलच्या वाटाण्यात आदल्या पिढीची झाडून सगळी बी गुळगुळीत होती, त्यांच्या पोटी ५,४७४ गुळगुळीत आणि १,८५० सुरकुतलेली निघाली. दोन्ही बाजूंनी लपून आलेलं असू शकतं, किंवा जनुकांचा काही संबंधही नसू शकतो. ते डॉक्टर सांगतील. जन्मतः ऐकू न येणारी बहुतेक मुलं नीट ऐकू येणाऱ्या आईबापांच्याच पोटी येतात.

ती पोरगी सहा महिने म्हणतेय, त्याचे कान तपासून घेऊ. तुम्ही सगळे म्हणता, आमच्या घराण्यात कोणाला कानाचं नाही. अहो, त्याच्या मागे ताट पडलं तेव्हा अख्खं कार्यालय दचकलं, तो एकटा श्रीखंड खात होता. मी पाहिलं. तुम्हीही पाहिलंत.

बुधवारची वेळ घेतली आहे. रिक्षाने मी नेतो. तुम्ही येऊ नका.